एक टाचणी कमी

“बरणी परत उलटी करा,” मी म्हणाले.

कलाक्कानं तिसऱ्यांदा बरणी पांढऱ्या कापडावर उलटी केली. लाल डोक्याच्या टाचण्या पसरल्या. तिनं आणि पद्मानं दहा-दहाच्या ओळी लावल्या. एकोणीस ओळी पूर्ण झाल्या. विसाव्या ओळीत नऊच टाचण्या होत्या.

“एकशे नव्व्याण्णव,” पद्मा म्हणाली आणि माझ्याकडे न बघता छताकडे बघत बसली.

शनिवार होता, दुपारचे बारा वाजले होते आणि पाच वाजता गाडी येणार होती. टेबलावर प्लॅस्टरचे दोन पांढरे हात मनगटापासून वर उभे होते आणि त्यांच्यावर आम्ही शिवलेले दोन हातमोजे चढवलेले होते. गाडी ते हातमोजे घेऊन उड्डाणकेंद्रावर जाणार होती आणि तिथून पाच आठवड्यांनी ते चंद्रावर.

आज सतरा वर्षांनी हे सांगताना मला हसू येतं, पण त्या दिवशी येत नव्हतं. मी अठ्ठावीस वर्षांची होते, इंजिनिअर होते, परीक्षेत पहिली आलेली होते आणि हे सगळं मी लोकांना दिवसातून दोनदा तरी कळू देत असे. इचलकरंजीच्या त्या कारखान्यात तपासनीस म्हणून येऊन मला जेमतेम सहा दिवस झाले होते. आल्या दिवशीच मी विचारलं होतं, “एवढी यंत्रं असताना हे हातानं का शिवताय?” त्यावर कलाक्का म्हणाली होती, “यंत्राला दुखत न्हाई ना मॅडम, म्हणून. बोटाला कुठं रुतंल ते त्याला काय कळणार?” मला ते उत्तर तेव्हा अडाणी वाटलं होतं.

एका हातमोज्यात अकरा थर. सगळ्यांत आतला थर हवा धरून ठेवणारा. बाहेर हवाच नसते, त्यामुळे त्याला भोक पडलं की आतलं माणूस संपलं. म्हणून टाचण्यांवर एवढा पहारा. बरणीत दोनशे टाचण्या. रोज सकाळी मोजून चाळीस बाहेर काढायच्या, वहीत लिहायचं. संध्याकाळी मोजून चाळीस परत टाकायच्या, वहीत लिहायचं. शनिवारी सगळी बरणी मोजायची.

आणि गंमत अशी, की वही बरोबर होती. सोमवार ते शुक्रवार, रोज चाळीस गेल्या, चाळीस आल्या. एकही दिवस चुकलेला नव्हता. तरी बरणीत एक कमी.

“असं कसं होईल?” मी पाचव्यांदा विचारलं.

“व्हायला नको,” कलाक्का म्हणाली, “पर झालंय.”

कलाक्का म्हणजे कलावती तोडकर. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. डावा हातमोजा तिचा. चार महिने ती तो शिवत होती. उजवा पद्मा मगदूमचा. पद्मा तिशीची, भराभर बोलणारी आणि भराभर शिवणारी. कलाक्का तिला “जरा दमानं” एवढं एकच वाक्य दिवसभर ऐकवायची.

घाटगेसाहेब खालून वर आले. कारखाना त्यांच्या हाताखाली होता. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वही चाळली, ओळींकडे बघितलं आणि क्षणात निकाल दिला.

“गेल्या शनिवारी जुन्या तपासनीसांनी बरणी मोजलीच नसणार. बदलीची घाई होती त्यांना. सवयीनं दोनशे लिहून गेले. रोजचं तर जुळतंय ना?”

“जुळतंय.”

“एक्स-रे स्वच्छ आलाय ना?”

“आलाय.”

“मग सही करा आणि जेवायला चला.”

मला ते इतकं पटलं की काय सांगू. खिशात पेन होतंच. पण एक्स-रेचं मला एक ठाऊक होतं. मनगटापाशी धातूचं कडं असतं. टाचणी कड्याच्या आड, कड्याला लागून पडली तर फोटोत दिसत नाही. आणि वहीत लिहिलं होतं, मंगळवारी डाव्या हातमोज्याचं कडं शिवलं. उजव्याचं त्या दिवशी फक्त बोटांच्या टोकांचं काम होतं आणि बोटं एक्स-रेत स्वच्छ दिसत होती.

“कलाक्का,” घाटगेसाहेब जरा खालच्या आवाजात म्हणाले, “चुकून कपड्याला लागून घरी गेली असेल तर सांगून टाका. कुणी काही बोलणार नाही.”

कलाक्काचा चेहरा एकदम उतरला. टाचणी बाहेर नेली तर त्याच दिवशी कामावरून कायमचं घरी, हा नियम दारावर लिहिलेला होता. “मी रोज मोजून टाकल्यात साहेब,” ती म्हणाली. “पद्मा साक्षीला हाय. चाळीस म्हंजे चाळीस.”

“मग गेली कुठं?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. मला तिचा संशय येत होता हे मी लपवणार नाही. हिशेब चुकत नाहीत, माणसं चुकतात, अशी तेव्हा माझी समजूत होती आणि त्या माणसांत मी स्वतःला धरत नसे.

कलाक्कानं वही पुढे ओढली. मग तिनं मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मंगळवारी सकाळी मी उशिरा आलो, नातवाला डोस द्यायचा होता म्हणून. त्या दिवशी टाचण्या तुम्ही काढल्यात.”

“हो. चाळीस काढल्या. लिहिलंय.”

“जशा काढल्यात तशा परत काढून दाखवता? मोठ्यानं मोजून?”

“मला मोजता येत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“तसं न्हवं वो मॅडम. बघू तर.”

राग आला, पण घाटगेसाहेब समोर होते. मी सगळ्या टाचण्या बरणीत भरल्या, कापड ओढलं आणि तोऱ्यात सुरुवात केली. पहिली टाचणी काढून जरा बाजूला ठेवली. “लाभ,” मी म्हणाले. मग पुढची. “एक, दोन, तीन, चार…” चाळीसपर्यंत मोजत गेले आणि हात झटकले. “झाल्या चाळीस.”

पद्मानं तोंडावर हात ठेवला होता. कलाक्कानं माझ्यापुढच्या टाचण्या दहा-दहाच्या ओळीत लावल्या. चार ओळी झाल्या आणि एक टाचणी उरली.

काय झालं ते मला खरंच समजेना.

“तुमच्यात लाभ मोजत न्हाईत व्हय?” कलाक्कानं हळूच विचारलं.

आमची बार्शीला धान्याची अडत होती. पाच वर्षांची असल्यापासून मी वडिलांच्या शेजारी पोत्यावर बसायचे. माप सुरू झालं की मापाडी पहिलं माप “लाभ” म्हणून वेगळ्या टोपलीत ओतायचा. ते देवाचं. ते गणतीत नाही. मग पुढच्या मापापासून एक, दोन, तीन. कागदावर मी आयुष्यात कधी चुकले नाही, पण हातानं एका ढिगातून दुसऱ्या ढिगात काही टाकायचं म्हटलं की माझी जीभ मनातल्या मनात आधी लाभ म्हणत असे. हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं.

“आमच्यात बी लाभ म्हणत्यात,” कलाक्का म्हणाली. “पर लाभ म्हंजेच एक. त्याच्यावर दोन.”

म्हणजे मंगळवारी सकाळी मी एक्केचाळीस टाचण्या बाहेर काढल्या होत्या आणि वहीत चाळीस लिहिल्या होत्या. संध्याकाळी कलाक्कानं मोजून चाळीस परत टाकल्या. वही जुळली. एक टाचणी बाहेर राहिली आणि ती कुणीच शोधली नाही, कारण वहीप्रमाणे ती नव्हतीच.

मी खुर्चीत बसले. तिला चोर ठरवायला निघाले होते मी.

घाटगेसाहेबांनी दार लोटून घेतलं.

“हे बघा बारबोले मॅडम,” ते म्हणाले, “हे इथं चौघांतच राहू द्या. मंगळवारी टाचणी खाली पडली असेल, झाडून गेली असेल. दहातल्या नऊ वेळा तसंच असणार. एक्स-रे स्वच्छ आहे. हातमोजा उसवला तर नवा शिवायला चार महिने. पाच आठवड्यांत उड्डाण. ओजस्विनीबाईंच्या जागी राखीव माणूस जाईल. त्या मुलीनं नऊ वर्षं यासाठी घातलीत. तुमच्या एका लाभापायी तिचं चंद्रावर जाणं घालवणार?”

ओजस्विनी राणे हे नाव घेतलं आणि सगळ्यांचं लक्ष त्या प्लॅस्टरच्या हातांकडे गेलं. तिच्याच हातांचे साचे होते ते. माप द्यायला ती आली होती तेव्हाच्या गोष्टी या दोघी मला रोज ऐकवत. तिनं जमिनीवर बसून त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती. कलाक्काला म्हणाली होती, “मावशी, मला बारीक खडासुद्धा चिमटीत धरता आला पाहिजे हं.” साच्यात अंगठ्याचं नख कुरतडलेलं स्पष्ट उमटलं होतं. चंद्रावर जाणारी बाईसुद्धा नखं खाते याचं पद्माला फार कौतुक होतं.

मला काय करावं ते सुचेना. खरं सांगायचं तर मला सही करायची होती. घाटगेसाहेबांचं बोलणं खोटं नव्हतं. टाचणी झाडून गेली असण्याचीच शक्यता जास्त होती. उसवलं आणि काहीच निघालं नाही तर मी एका बाईचं आयुष्यभराचं स्वप्न उगाच मोडलं असं होणार. नाही उसवलं आणि टाचणी आत असली तर? दोन्ही बाजू माझ्या डोक्यात इतक्या वेगानं अदलाबदल करत होत्या की कुठली भीती कुठल्या बाजूची तेच मला कळेना. शिवाय एक तिसरी भीती होती आणि तीच सगळ्यांत मोठी होती: उसवायचं म्हणजे का उसवलं ते लिहून द्यावं लागणार. माझी नोकरी जाणार.

मी पेन काढलं.

“मॅडम,” कलाक्का म्हणाली, “सही करा. माझं काय म्हणणं न्हाई. पर आधी आत हात घाला आणि मूठ वळा.”

“म्हणजे?”

“ती बाई तिथं दिसभर मूठ वळणार. तुम्ही हितं एकदाच वळा. घट्ट.”

घाटगेसाहेब “हा काय पोरखेळ” असं काहीतरी पुटपुटले. मी डाव्या हातात पातळ अस्तर चढवलं, साच्यावरून हातमोजा काढला आणि हात आत सरकवला. तो इतका नीट शिवलेला होता की आत गेल्यावर माझ्या बोटांना कुठं शिवण लागली नाही. इथे हवा होती. टोचली असती तर रक्ताचा एक थेंब आला असता, बाकी काही नाही. मी बोटं वाकवायला सुरुवात केली.

अर्ध्यावर माझी बोटं थांबली. मी त्यांना सांगत होते, पण ती पुढे जाईनात. घाटगेसाहेब माझ्या हाताकडे बघत होते.

“उसवा,” मी म्हणाले.

कलाक्कानं हातमोजा माझ्या हातातून काढून घेतला. मला वाटलं ती पद्माला देईल. स्वतःचं चार महिन्यांचं काम स्वतःच्या हातानं उसवायला कुणाला आवडेल? पण तिनं स्वतःच छोटी कातर उचलली, चष्मा पुसला आणि कड्यापाशी पहिला टाका तोडला.

दोन तास ती उसवत होती. मी दिवा धरून उभी होते. एकेक थर ती उलटा करून बोटांनी चाचपायची, माझ्या हातात द्यायची, मी उजेडासमोर धरायचे. काही नाही. दुसरा थर. काही नाही. कड्याभोवतीच्या शिवणीत तिनं हजारभर तरी टाके घातले असतील, सगळे सारखे, एक तसूभर इकडेतिकडे नाही. कातर चालली की बारीक करकर आवाज यायचा आणि दरवेळी तिचे ओठ आवळले जायचे. तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी थरांकडेच बघत होते.

अकरावा थर निघाला. टाचणी नव्हती.

“झालं समाधान?” घाटगेसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. “मी आता बेंगळुरूला काय कळवू ते तरी सांगा.”

मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. लाज वाटते सांगायला, पण मला तेव्हा मनापासून वाटत होतं की टाचणी निघायला हवी होती. कुणाच्या तरी जिवाचा धोका आत निघावा अशी मी इच्छा करत होते, का, तर माझं खरं ठरावं म्हणून.

“मी कळवते,” मी कशीबशी म्हणाले. “माझी चूक आहे, मीच लिहून देते.”

तेवढ्यात कातरीचा आवाज आला. मी वळून बघितलं. पद्मा खिडकीपाशी बसली होती आणि तिच्या मांडीवर उजवा हातमोजा होता.

“पद्मा!” घाटगेसाहेब ओरडले. “तो कशाला? त्याला काय झालंय? तो तरी राहू दे!”

पद्मा थांबली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात मात्र नेहमीसारखा भराभर चालला होता.

“मंगळवारी मी बी कड्याला हात लावला होता,” ती म्हणाली. “दुपारी. बोटभर शिवण वाकडी वाटली, म्हणून उसवली आणि परत घातली. वहीत लिहिलं न्हाई.”

“का नाही लिहिलं?” मी विचारलं.

“तुम्ही सकाळीच तर म्हणाला होता, आता एक जरी टाका उसवला तर लेखी कारण द्या. मला भ्या वाटलं. एवढ्याशा शिवणीला कोण लेखी देतंय म्हणून गप बसलो.”

मी ते म्हणाले होते. अगदी त्याच शब्दांत. पद्मा काहीच बोलली नसती तरी तिला कुणी विचारलं नसतं. कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतं.

कलाक्का उठून तिच्याजवळ गेली. “जरा दमानं,” ती म्हणाली आणि हातमोज्याचं दुसरं टोक धरून बसली. मी दिवा घेऊन खाली बसले. घाटगेसाहेबही आले आणि आमच्यामागे वाकून उभे राहिले.

चौथ्या आणि पाचव्या थराच्या मधे ती होती. कड्याच्या कडेला अगदी चिकटून, कड्याच्या गोलाईबरोबर किंचित वाकलेली. टोक आतल्या बाजूला होतं. पद्मानं ती नखानं उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

घाटगेसाहेब भिंतीला टेकले. नंतर त्यांनी स्वतः बेंगळुरूला फोन केला आणि मी ऐकत असताना माझ्याबद्दल एक वाईट शब्द बोलले नाहीत. ओजस्विनी त्या खेपेला गेली नाही. त्या जागी दुसरा गेला. ती तीन वर्षांनी गेली, सत्तर दिवस तिथं राहिली आणि सुखरूप परत आली. माझी नोकरी राहिली. आता नव्या पोरांना शिकवताना मी ही गोष्ट सांगते. टाचणी सापडली इथं थांबते. मुलं टाळ्या वाजवतात, मग आम्ही चहा प्यायला जातो.

त्यानंतरचं मी त्यांना सांगत नाही, कारण ते त्यांना कसं सांगायचं हे मला अजून कळलेलं नाही.

पद्मा हुंदके देत होती आणि मी तिला मिठी मारली होती. मी हसत होते की रडत होते कोण जाणे. एक माणूस वाचलं होतं. मी तळहात पुढे करून कलाक्काला टाचणी दाखवली, “बघा, बघा,” म्हणत. मला वाटलं तीही हसेल.

तिनं टाचणीकडे एकदा बघितलं. मग ती उठली आणि टेबलापाशी गेली. तिथं डाव्या हाताचा साचा उघडा उभा होता आणि त्याच्याभोवती अकरा थर मी जसे ठेवले होते तसे पसरलेले होते. तिनं त्यातला एक उचलला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि घडी घातली. मग दुसरा.

“माझा चांगला होता,” ती म्हणाली.

टाचणी धरलेला माझा तळहात अजून तसाच पुढे होता.

“माझा चांगला होता की वो, मॅडम.”